१६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, चालवते १०० वर

फेब्रुवारीत घेतलेल्या मॉनिटरबद्दल आता जूनमध्ये लिहितेय. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर चुकीचं लिहून बसले असते. तेव्हा माझं मत एवढंच होतं की नवा झकास आहे, जुना कोणाला तरी देऊन टाकावा. आज दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी आहेत, दोन्ही रोज दहा-दहा तास चालतात, आणि दोन्हींपैकी एकही मला सोडायचा नाही.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. स्वतः कॅमेरा धरत नाही. नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडचे पाच-सहा कॅमेरावाले मेमरी कार्ड आणून देतात आणि मी कापून, जोडून, गाणी बसवून पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवते. नागपुरात प्रतापनगरला घर आहे, वरच्या मजल्यावर स्लॅबखालची एक खोली, तिथे हा संसार. काम एडियस या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर. डावीकडे जुना मॉनिटर असतो, २४ इंची, फुल एचडी, ६० हर्ट्झचा. समोर नवा, २७ इंची, १४४० पी (फुल एचडीपेक्षा जास्त बारकाव्याचा), आयपीएस पॅनल (एलसीडीचाच एक प्रकार), १६५ हर्ट्झ. जीएसटी धरून २१ हजार ५०० ला पडला. कंपन्यांची नावं मुद्दाम टाकत नाही. मला जे सांगायचंय ते कोणत्या कंपनीचा घ्यावा हे नाहीच. एकाच ग्राफिक्स कार्डाला दोन वेगळ्या रिफ्रेश रेटचे मॉनिटर लावले की काय काय होतं, ते सांगायचंय. रिफ्रेश रेट म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढतो तो आकडा, हर्ट्झमध्ये.

आधी दुकानाबद्दल. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) एका ठिकाणी विचारलं तर काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "जुना ६० चा सोबत ठेवला तर नवाबी ६० वरच चालते, म्याडम. दोन्ही बदलून घ्या." हे खरं नाही. प्रत्येक मॉनिटर आपल्या रिफ्रेश रेटवर चालतो, कार्ड त्यांना वेगवेगळे सिग्नल पाठवतं. बोलण्यात थोडं तथ्य होतं, पण ते जुन्या काळचं. विंडोज १० ला मे २०२० मध्ये जे मोठं अपडेट आलं, त्याच्या आधी ६० च्या पडद्यावर काही हलतं चालू असलं की दुसऱ्या पडद्यावरच्या खिडक्याही (विंडो) अडखळायच्या. त्यानंतर हे बरंच सुधारलं. लिनक्सवाल्यांमध्ये ज्यांचं काम अजून एक्स११ या पडद्यावर चित्र काढणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर चालतं त्यांना हा त्रास जाणवतो, वेलँड या नव्या व्यवस्थेत प्रत्येक पडद्याचा हिशोब वेगळा राहतो. हे मला भाच्याने सांगितलं, त्याच्या लॅपटॉपवर दोन्ही करून दाखवलं.

शंकरनगर चौकाजवळच्या दुसऱ्या दुकानात मात्र मालक म्हणाले, "ताई, जुना घेऊन या, दोन्ही सोबत लावून दाखवतो. मग ठरवा." मी खरंच जुना मॉनिटर चादरीत गुंडाळून ऑटोत घालून घेऊन गेले. त्यांनी चहा मागवला आणि तासभर दोन्ही पडदे शेजारी चालवू दिले, माझ्याच पेन ड्राइव्हमधली क्लिप लावून. मॉनिटरची अशी खरेदी मी आधी कधी केली नव्हती. दुकानाच्या भिंतीवर लावलेल्या झगमगीत डेमोवरून काही कळत नाही. कळतं ते आपल्याच क्लिपवर, आपल्याच जुन्या पडद्याच्या शेजारी. मालक भाऊंनी मी निघताना एक गोष्ट बजावून सांगितली: खोक्यातली डिस्प्लेपोर्टची केबलच लावा, घरातली एचडीएमआय शोधत बसू नका. या मॉडेलचा एचडीएमआय पोर्ट १४४ पर्यंतच जातो, १६५ हवं तर डिस्प्लेपोर्टच लागतं. खोक्यावर १६५ मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, पोर्टाची ही बाब आतल्या पुस्तिकेत बारीक टाइपात असते.

घरी आणून लावला आणि आठवडाभर मी खूश होते. मग भाचा आला. त्याचं इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष, संध्याकाळी माझ्या मशीनवर गेम खेळायला येतो. त्याने माउस इकडून तिकडे नेला आणि म्हणाला, "मावशी, तू तर अजून ६० वरच चालवून राहिली!" खरंच होतं. मॉनिटर लावला की तो १६५ वर जाईलच असं नाही, विंडोज पुष्कळदा ६० वरच ठेवतं. सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात डिस्प्ले, खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे वर कोणता पडदा ते निवडायचं आणि मग खाली रिफ्रेश रेट बदलायचा. दोन मॉनिटर असतील तर पडदा आधी निवडणं विसरू नका, मी पहिल्यांदा जुन्याचीच यादी उघडून "१६५ कुठे आहे" म्हणून शोधत होते.

१६५ केल्यावर फरक डोळ्यांना लगेच कळतो. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र नव्याने काढतो, १६५ चा दर ६ मिलिसेकंदांनी. टाइमलाइन (एडियसमधली क्लिपा ओळीने मांडलेली पट्टी) सरकवली की क्लिपांची नावं सरकतानाही वाचता येतात. माउस हाताला चिकटल्यासारखा चालतो. आणि तोच माउस डावीकडच्या जुन्या पडद्यावर गेला की एकदम जड होतो, जणू डांबरी रस्त्यावरून कच्च्या रस्त्याला लागलो. पहिले पंधरा दिवस हा बदल मला खूप खुपला. जुना पडदा अचानक वाईट झाला नव्हता, शेजारी चांगला आल्यामुळे तसा दिसायला लागला होता.

आता मुख्य गोष्ट. मार्चच्या सुरुवातीला वर्ध्याकडच्या एका लग्नाचं काम होतं. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी कॅमेरा नवरीकडून नवरदेवाकडे सावकाश फिरतो, आणि वरून अक्षता पडतात. एडियसची टाइमलाइन नव्यावर आणि पूर्ण आकाराचं प्रिव्ह्यू जुन्यावर, अशी माझी मांडणी. प्रिव्ह्यूमध्ये मंडपाचे खांब सरकताना अडखळत होते. सलग सरकायच्या ऐवजी दोन पावलं सरळ, तिसरं जरा थांबून, असं काहीसं. अक्षतांचा एकेक दाणा खाली येताना मध्येच टांगून राहायचा. मी तीनदा, चारदा पाहिलं आणि कॅमेरावाल्या भाऊंना फोन लावला की गिम्बल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) खराब झालाय तुमचा, दाखवून घ्या. ते म्हणाले, "ताई, गिम्बल दिवाळीत नवा घेतला. झटका कायचा येईल?" मी थोडं तोडूनच बोलले. नंतर त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, कारण क्लिपमध्ये काहीही दोष नव्हता.

आपल्याकडे लग्नाचं शूटिंग बहुतेक सेकंदाला २५ फ्रेमवर, म्हणजे २५ चित्रांवर, होतं. त्याचं कारण आपल्या भिंतीतल्या विजेत आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि पुष्कळशा दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतो. कॅमेऱ्याचा शटर १/५० वर ठेवून २५ फ्रेम घेतल्या की तो लुकलुकाट चित्रात उतरत नाही. आपला टीव्हीही याच हिशोबाचा, २५ फ्रेमचा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिकडचं सगळं ३० आणि ६० च्या पाढ्यात बसतं. कॉम्प्युटरचा साधा मॉनिटर मात्र जगात कुठेही घ्या, वर्षानुवर्षं बहुतेक ६० चाच मिळत आला.

आता ६० ला २५ ने भागा. २.४ येतं. पडदा एखादी फ्रेम २.४ वेळा दाखवू शकत नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा दाखवतो आणि काही तीनदा. म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंद टिकते, दुसरी ५०. स्थिर चित्रात कळत नाही. कॅमेरा सावकाश फिरायला लागला की डोळा नेमकं हेच पकडतो. वर्षानुवर्षं मी ६० च्याच पडद्यावर काम केलं आणि हे मला दिसलं नव्हतं, कारण तुलनेला शेजारी काही नव्हतं. नव्या पडद्यावर १६५ भागिले २५ म्हणजे ६.६. पूर्ण भाग तिथेही जात नाही, पण फ्रेम ३६ आणि ४२ मिलिसेकंदांच्या आत राहतात, तेवढा फरक मला दिसत नाही. म्हणून तीच क्लिप नव्यावर ओढून नेली की खांब गुळगुळीत सरकायचे, जुन्यावर आणली की अडखळायचे. त्या रात्री अकरा वाजता मी ती खिडकी दहा-बारा वेळा इकडून तिकडे नेली असेन.

मग कागदावर पाढा मांडला. ५० ला २५ ने भाग जातो, दोन. ७५ ला जातो, तीन. १०० ला जातो, चार. १४४ ला नाही, १२० ला नाही, १६५ ला नाही. जुन्या मॉनिटरच्या यादीत ६० च्या खाली ५० होतं, इतक्या वर्षांत मी ते कधी निवडून पाहिलं नव्हतं. ६० वरून खाली कोण येतं? ५० केलं. प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा, ४० मिलिसेकंद, एकही कमी-जास्त नाही. अक्षता खाली आल्या तशा आल्या. मी खुर्चीत मागे टेकून तो पंधरा सेकंदांचा तुकडा पुन्हा पाहिला आणि मला त्या नवरीचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला, कारण तोवर मी खांबच बघत होते.

नव्याला १०० केलं. तेव्हापासून दिवसभर समोर १०० आणि डावीकडे ५०. माउस जुन्या पडद्यावर ६० पेक्षा आणखी जरा जड चालतो हे खरं आहे, पण त्या पडद्यावर मी माउस फारसा नेतच नाही, तो फक्त बघायचा. आणि एक भीती मला होती ती चुकीची निघाली. जुन्या काळचा काचेच्या नळीचा मॉनिटर ५० वर डोळ्यांसमोर लुकलुकायचा. एलसीडीचं तसं नाही. मागचा उजेड रिफ्रेश रेटच्या तालावर बंद-चालू होत नाही, त्यामुळे ५० वर लुकलुकत नाही. तीन महिने झाले, डोळ्यांना काही त्रास नाही.

एप्रिलच्या शेवटी दुसरी गोष्ट लक्षात आली. स्लॅबखालची खोली, दुपारी बाहेर ४४-४५, कूलर चालू असूनही आत ३६-३७ असायचं. त्यात भाचा रात्री पुन्हा १६५ आणि ६० करून जायचा आणि मी सकाळी बदलायला विसरायची. त्या दिवशी मशीनचा आवाजच वेगळा यायचा. काहीही उघडलेलं नाही, नुसता डेस्कटॉप, तरी ग्राफिक्स कार्डाचे पंखे फिरतायत. मी कूलरच्या ताट्या धुतल्या, कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढली. आवाज तसाच. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर कार्ड नुसतं बसून ३४ वॉट खात होतं आणि त्याची मेमरी पूर्ण वेगावर होती. १०० आणि ५० केलं तशी मेमरी खाली आली, वॉट १३ वर, आणि पाच मिनिटांत पंखे थांबले.

भाच्याने याचं कारण असं समजावलं. मॉनिटर एक चित्र पूर्ण काढून पुढचं सुरू करतो, त्याच्या मध्ये अगदी बारीक उसंत असते. कार्डाला मेमरीचा वेग बदलायचा तर याच उसंतीत बदलावा लागतो, नाहीतर पडद्यावर चित्र चमकून जातं. मॉनिटर एकच असला तर उसंत दर वेळी सापडते. दोन असले आणि त्यांचे आकडे जुळत नसले, तर एकाच्या उसंतीच्या वेळी दुसरा कामात असतो. मग ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) धोका पत्करत नाही, मेमरी वरच्याच वेगावर ठेवून देतो. आकडे पटीत असले, १०० आणि ५० किंवा १२० आणि ६०, की पुष्कळदा उसंती जुळून येतात. माझ्या कार्डावर दोन्ही जोड्या चालल्या. प्रत्येक कार्डावर आणि प्रत्येक ड्रायव्हरवर असंच होईल असं नाही, तुमच्याकडे वॉट पाहूनच ठरवा. पण तुम्हीही विदर्भातल्या उन्हाळ्यात स्लॅबखाली बसत असाल तर हे एकदा तपासाच. वीस वॉट बिलात फार नाहीत. पण ते वीस वॉट खोलीत उष्णता होऊन तुमच्याच पायाशी राहतात, आणि वीज गेली की यूपीएसवर तेवढीच मिनिटं कमी मिळतात.

पॅनलबद्दल थोडक्यात. रंग चांगले, हळदीचा पिवळा आणि शालूचा हिरवा दोन्ही खरे वाटतात. मात्र जुन्याशी रंग जुळवणं कठीण गेलं. जुना निळसर, नवा किंचित उबदार. अर्धा दिवस घालवून नव्याची ब्राइटनेस खाली आणली तेव्हा कुठे दोन्ही शेजारी बसले, आणि तरी शेवटचा रंग मी नव्यावरच पाहते. एक सेटिंग नक्की बदला: ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पडद्याच्या ठिपक्यांना रंग लवकर बदलायला लावणारं. कंपनीकडून ते सगळ्यात वरच्या पायरीवर लावून आलं होतं. १६५ वर ते ठीक चालतं, पण १०० वर हलणाऱ्या वस्तूंच्या मागे पांढरट सावली ओढली जाते. पहिल्यांदा मला ती काळ्या कोटातल्या वरबापाच्या खांद्याच्या कडेला दिसली, रांगोळीची रेघ ओढावी तशी. एक पायरी खाली आणली आणि गेली. जुना फुल एचडी आणि नवा १४४० पी असल्यामुळे खिडकी इकडून तिकडे नेली की लहान-मोठी होते, त्याची सवय करून घ्यावी लागते. स्टँड पुढे-मागे कलतो पण वर-खाली होत नाही. मी खाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवल्यात. या किमतीत स्टँड वर-खाली व्हायला हवा होता.

भाच्याच्या गेमसाठी म्हणाल तर तो अतिशय खूश आहे. त्याचा आग्रह होता म्हणून १६५ चा घेतला, आणि त्याला खरंच १६५ लागतात. अडॅप्टिव्ह सिंक तो चालू करतो, जेणेकरून गेम जितक्या फ्रेम देईल तितक्यानेच पडदा चालेल. मी एडिटिंगच्या वेळी ते बंद ठेवते. फक्त जाताना त्याने १०० करून जायचं, असं आता ठरलंय. टेबलावर चिठ्ठी चिकटवली आहे.

विकत घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढं आहे की खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा पाहून पैसे देऊ नका. दुकानात मॉनिटर लावायला सांगा आणि रिफ्रेश रेटची पूर्ण यादी उघडून बघा. तुमचं काम २५ फ्रेमचं असेल तर त्या यादीत ५०, ७५ किंवा १०० यांपैकी काहीतरी हवंच. आमच्या ओळखीतल्या एका एडिटरने १४४ चा घेतला, त्याच्या यादीत ६०, १२० आणि १४४ एवढंच आहे, आणि तो आता ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनलमधून स्वतःचा आकडा घालायच्या खटपटीत आहे. उलट तुम्ही सिनेमे बघत असाल तर १२० उत्तम, सिनेमाच्या २४ फ्रेमने त्याला पुरा भाग जातो, पाच. नुसतं ऑफिसचं काम असेल, मेल आणि एक्सेल, तर या कशाचीच गरज नाही, दोन साधे ६० चे एकसारखे घ्या.

जुना पडदा माझ्याकडून आता कोणी मागितला तरी देणार नाही. तो ५० वर जे दाखवतो ते नव्यावर पूर्ण पडद्यावर लावायचं तर टाइमलाइन झाकावी लागते.

एक त्रास मात्र कोणताही मॉनिटर सोडवत नाही, तो अजून चालूच आहे. ड्रोनचं फुटेज पुष्कळदा ३० फ्रेमवर येतं, कारण ड्रोनवाले पोरं ड्रोन खोक्यातून काढलेल्या सेटिंगवरच उडवतात. ते २५ च्या टाइमलाइनवर टाकलं की दर सहा फ्रेममधली एक गाळावी लागते, आणि वर्धा रोडवरच्या लॉनवरून फिरणारा सुंदर शॉट सेकंदाला पाच वेळा ठेचकाळतो. आधी मी त्याचाही दोष पडद्याला दिला होता. परवा ऑनलाइन सगळ्या ड्रोनवाल्यांच्या ग्रुपवर कळवलं की शूटिंगच्या आधी २५ किंवा ५० करा. दोघांनी केलं. त्यांतल्या एकाचं मेमरी कार्ड आज सकाळी आलंय, कामठीकडची वरात आहे, संध्याकाळी भाचा यायच्या आत ती डावीकडच्या पडद्यावर बघायचीय.